कोपरा राहू द्या

सकाळी गच्चीवर जुनी साडी अंथरली, तिच्यावर बटाट्याच्या चकत्या पसरल्या आणि साडी उडू नये म्हणून कोपऱ्यांवर विटा ठेवत गेले. शेवटच्या कोपऱ्याला वीट नव्हती. मग तिथे मीच बसले. वारा पदरात शिरत होता, खाली कुणाच्या तरी अंगणातल्या कडुनिंबाचा मोहोर दरवळत होता, टेकडीवरच्या भोंग्यातून देवीची भजनं तुकड्यातुकड्यानं येत होती. चैत्र लागला की आमच्या देवासात गर्दी टेकडीकडे जाते आणि मी गच्चीकडे. बसल्या बसल्या मोबाईल काढला, चकत्यांचा फोटो घेतला आणि पाहिलं तर एका कोपऱ्यात माझा गुडघा आलेला. पूर्वी लगेच कापून टाकला असता. आता नाही कापत. त्याला कारण धार गावातला एक चैत्र.

तो चैत्र अजून मला नुसत्या वासानंसुद्धा आठवतो. कैरीच्या चिकाचा वास, एसटीतल्या कुणाच्या तरी पोत्यातल्या नव्या लसणाचा वास, आणि ओल्या रांगोळीचा. रांगोळीला वास नसतो असं आमचे हे म्हणतात. त्यांनी कधी सारवलेल्या जमिनीला नाक लावून रेघ ओढली आहे का, विचारा.

फोटोंचं वेड मला म्हातारपणी लागलं. मुलगा नोकरीला बंगळूरला गेला, जाताना त्याचा जुना मोबाईल माझ्या हातात देऊन गेला, म्हणाला, आई, याचा कॅमेरा चांगला आहे. मला शिकवलं कुणी नाही. उजेड कुठून येतोय ते बघायचं, एवढं मी स्वयंपाकघरात उभं राहून राहून शिकले. सकाळी खिडकीतून ऊन येतं तेव्हा पितळी पातेलं वेगळं दिसतं, दुपारी तेच पातेलं नुसतं पातेलं असतं. मग कुणीतरी मला मोबाईलवरच्या फोटोवाल्यांच्या ग्रुपात घातलं. माळव्यातली माणसं, कुणी राजगढचं, कुणी मांडूचं, कुणी उज्जैनकडचं. बोलणं सगळं हिंदीत. पुरुष सगळे भिया, म्हणजे माळवी भैया, मी एकटी दीदी. नियम असा की शनिवारी एक शब्द द्यायचा, रविवारी ज्यानं त्यानं त्या शब्दावर फोटो टाकायचा, आणि दुसऱ्यांनी एक चांगली गोष्ट सांगायची आणि एक सुधारायची. नुसतं वा वा चालत नाही. मला हे फार आवडलं. आमच्या घरात सुधारायचं तेवढंच सांगतात.

त्या ग्रुपात एक जण होता, त्यानं आपलं नाव ठेवलेलं ‘धारवाला’. चेहऱ्याच्या जागी तुळशीचं पान. फोटो सुरेख काढायचा. परातीतलं पीठ, खिडकीच्या गजांची भिंतीवर पडलेली सावली, तांब्याच्या कळशीवरचे थेंब. पण प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात काहीतरी घुसलेलं. कधी लुगड्याचा काठ, कधी कोपर, कधी अर्धी सावली. उदयनगरचे एक भिया आहेत, जंगलखात्यातून निवृत्त झालेले, आमच्या ग्रुपाचे वडीलधारे. ते दर रविवारी लिहायचे, ‘भिया, फोटो बढ़िया, वो कोना काट दो.’ आणि धारवाला दर रविवारी एकच उत्तर द्यायचा, ‘वो कोना रहने दो.’

पुढे पुढे त्याची थट्टाच व्हायला लागली. कुणी त्याला कोनेवाला म्हणायचं. मलाही वाटायचं, एवढी नजर आहे माणसाला, आणि कडा सांभाळता येत नाहीत.

मग त्या चैत्रात शब्द आला ‘आँगन’. कुणी गाई टाकल्या, कुणी खाट, मी आमची गच्ची. आणि धारवाल्यानं टाकली एक रांगोळी. बाकीच्यांनी लिहिलं, सुंदर डिज़ाइन. मी मात्र चष्मा पुसून बसले. वर मखरात गौर, बाजूला चंद्र-सूर्य, शंख, चक्र, गोपद्मं, कासव, हत्ती, फणी-करंडा, आरसा. अहो, हे डिझाइन कुठलं, हे तर चैत्रांगण. माझी सासू गौर बसली की महिनाभर रोज दारात काढायची. ती गेल्यावर मी सोपी फुलं काढते आणि गौरीला म्हणते, चालवून घे बाई. आणि फोटोच्या कोपऱ्यात, नेहमीच्या त्या नको असलेल्या कोपऱ्यात, एक हात होता. शिरा वर आलेला, सुरकुतलेला, चिमटीतून रेघ सुटत होती ती जिथे थांबली तिथेच फोटो थांबलेला.

मी त्याला वेगळा निरोप पाठवला, मराठीत. ‘तुम्ही मराठी का? गौर कुणाकडे बसते?’

 मग आलं, ‘जी. गौर आमच्याकडेच. आपण कसं ओळखलं?’ आणि खाली, ‘मराठी लिखने में टाइम लगता है, बोलून पाठवू का?’

आणि मग त्याचा आवाज आला. असं मराठी मी कितीतरी वर्षांत ऐकलं नव्हतं. अर्धं बाजारातलं हिंदी आणि अर्धं माझ्या आजेसासूच्या वेळचं. ‘मातोश्रींची प्रकृती बरी आहे’ असं म्हणाला आणि पुढच्याच वाक्यात ‘अभी दुकान पे हूँ, ट्रॅक्टरचा एक पार्ट शोधतोय, मावशी, नंतर बोलू?’ मी त्याला मावशी म्हणायला सांगितलं नव्हतं. त्याचं तोच म्हणाला.

नाव श्रीरंग. पूर्वज दरबाराच्या नोकरीत धारला आले ते तिथलेच झाले, आता त्याचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान. चाळिशीचा माणूस. सकाळी दुकान उघडायच्या आधी, घरात ऊन शिरतं तेवढ्या वेळात तो फोटो काढायचा. हळूहळू आमचं बोलणं वाढलं. मी कणीक मळताना त्याचे निरोप लावून ठेवायची, त्याचा आवाज स्वयंपाकघरभर व्हायचा, आणि हे बाहेरून विचारायचे, ‘आला का तुझा कोनेवाला?’

एक दिवस मी सरळच विचारलं. म्हटलं, श्रीरंग, त्या कोपऱ्यात असतं कोण?

‘माई,’ तो म्हणाला. ‘मावशी, आमच्याकडे माईचा एकही फोटो नाही. लग्नातला एक आहे, त्यात बायांच्या गर्दीत नुसता पदर दिसतो. पुढे कुणी काढला नाही, आणि आता ती काढू देत नाही. मोबाईल वर केला की उठून जाते. म्हणून मी तिच्या आजूबाजूचे फोटो काढतो. पीठ, कळशी, रांगोळी. कडेला ती जेवढी येईल तेवढी येऊ देतो. लोक म्हणतात काट दो. काय काटू, तेवढीच तर आहे.’

त्यानंतर मी त्याचे जुने फोटो काढून पाहिले. एक एक रविवार मागे जात गेले. पिठाच्या परातीपाशी कोपर. कळशीपाशी बांगडी नसलेलं मनगट. भिंतीवर गजांच्या सावलीत आणखी एक सावली, वाकलेली. सगळे तुकडे शेजारी शेजारी ठेवले तरी बाई पुरी होत नव्हती. चेहरा कुठेच नव्हता. ऐंशी ओलांडलेली आई, आणि मुलाकडे तिचे नुसते काठ जमलेले.

तो म्हणाला, ‘आपण या ना हळदीकुंकवाला. बायका-बायकांत बोलून बघा. एक फोटो, मावशी. एकच. ती समोर बघतेय असा.’

आता अशा कामाला कुणी देवासहून धारला जातं का? ह्यांनी तर हात टेकले. ‘नात्याची ना गोत्याची, परक्या बाईचा फोटो काढायला निघालीस. पुढे वधूवर मंडळच काढ.’ पण सकाळी पोहे करून दिले त्यांनीच, डब्यात वरून शेव वेगळी बांधून, भिजू नये म्हणून. इंदूरला बस बदलली. दोन्हीकडची शेतं रिकामी झालेली, गहू निघून गेलेला, कुठे कुठे जळलेल्या नरवाईचे, गव्हाच्या धसकटांचे, काळे पट्टे, आणि मध्येच एखादा पळस, फुलं संपत आलेला, उशिरा आलेल्या पाहुण्यासारखा उभा. मी खिडकीतून एकही फोटो काढला नाही. मनात वाक्यं जुळवत होते. माई, असं करा. माई, मुलाच्या मनाचा विचार करा. माई, आजकाल सगळे काढतात. सगळी वाक्यं बसच्या धुळीसारखी कोरडी लागत होती.

श्रीरंग न्यायला आला होता. फोटोतल्या तुळशीच्या पानापेक्षा बराच जाड निघाला. घर साधं, सिमेंटचं, कूलर लावलेला. दारात चैत्रांगण. मी ते ओलांडताना थबकले, इतकं ताजं होतं. आणि आत पाऊल टाकते तोच आवाज आला.

‘चपला बाहेर. मोबाईल परातीत.’

दाराशी तिपाईवर खरोखरच एक पितळी परात होती. तिच्यात श्रीरंगच्या बायकोचा मोबाईल आधीच पडलेला. श्रीरंगनं आपला ठेवला, माझ्याकडे बघून खांदे उडवले. मीही ठेवला. माई आत पाटावर बसल्या होत्या, गौरीपुढे. बारीक, ताठ, पांढऱ्या केसांचा आवळ्याएवढा अंबाडा.

‘तुम्हीच का त्या देवासच्या? बसा. हा रोज तुमच्याशी बोलतो ते मी ऐकते. त्याचं मराठी सुधारलंय. आधी तो गौरीलासुद्धा भिया म्हणायचा.’

‘माई, कधी म्हणालो?’

‘लहानपणी म्हणालास. मी विसरत नाही.’

सुनेनं हळदीकुंकू लावलं, ओटी भरली, हातावर भिजवलेले हरभरे घातले, कैरीची डाळ दिली, पन्हं दिलं. पन्ह्यात वेलदोडा होता आणि थोडं केशर. बाहेर ऊन वाढत होतं. गौरीच्या मागे जाळीदार पडदा, त्यातून उजेड गाळून येत होता, आणि त्या उजेडात माईंचा चेहरा असा होता की कुणीही फोटोवाला वेडा होईल. मी हरभरे चघळत बसले. बसमध्ये जुळवलेल्या वाक्यांतलं एकही मला तोंडाबाहेर काढवेना. कशाला काढायचं? बाई सुखात बसलेली होती. आम्ही डाळीत मोहरी किती, चैत्रांगणातला हत्ती कुठल्या बाजूला तोंड करतो, असलं बोलत होतो. त्यांच्याकडे हत्ती गौरीकडे बघतो, आमच्या सासरी बाहेर बघायचा. माई म्हणाल्या, ‘बाहेर बघणारा हत्ती निघून जायचा एखादे दिवशी.’

मग त्याच म्हणाल्या, ‘तुम्ही फोटो काढता म्हणे. दाखवा.’

मी परातीकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, म्हणजे आण. श्रीरंग दारात कलिंगडाचं ताट घेऊन उभा होता, तो जागचा हलेना. मी मोबाईल आणला, त्यांच्या शेजारी बसून दाखवायला लागले. गच्चीवरच्या चकत्या. कैऱ्यांची टोपली. आमचे हे, पाठमोरे, पेपर वाचताना. पुन्हा हे, झोपलेले. माई एकेक नीट बघत होत्या. घाई अजिबात नाही. शेवटी म्हणाल्या, ‘यात तू कुठे आहेस?’ अहोवरून अगंवर आल्या होत्या, माझ्या लक्षातही आलं नाही.

‘मी काढणारी ना, माई. मी कशी असेन?’

‘म्हणजे तुझाही नाही.’

‘नाही तसा. आधार कार्डावर आहे.’

त्या हसल्या. मग हात वर करून भिंत दाखवली. तिथे श्रीरंगच्या वडिलांचा फोटो होता, कोट घातलेला, सरळ समोर बघणारा, चंदनाचा हार घातलेला.

‘हा यांनी काढून घेतला तो माझ्या सांगण्यावरून. मी म्हटलं, चांगला कोट घाला, एक नीट फोटो असू द्या घरात, पुढे लागेल. लागला. हे गेले त्या दिवशी कुणालाही शोधावं लागलं नाही, कपाटात तयार होता.’ थोडं थांबून म्हणाल्या, ‘तेव्हापासून मला कुणी म्हणालं ना, माई, सरळ बसा, इकडे बघा, की वाटतं हा हाराची लांबी मोजतोय.’

 आमच्या गल्लीतसुद्धा एक बाई आहेत, त्या गेल्या दिवाळीत शालू नेसून स्टुडिओत जाऊन आल्या आणि येताना मला म्हणाल्या, झालं एक काम. आम्ही दोघी हसलो होतो. पण घरी आल्यावर मी आरशात जरा जास्तच वेळ बघितलं होतं. श्रीरंगला हे कारण माहीत नव्हतं. आईला लाज वाटते, जुन्या वळणाची आहे, एवढंच तो धरून चालला होता. ताट हातात तसंच धरून तो भिंतीवरच्या वडिलांकडे बघत राहिला.

माईंनीच हात पुढे केला. ‘आण तो डबा इकडे. तुझा काढते. जा, गौरीजवळ बस. पन्ह्याचा पेला हातात घे, नुसती बसू नकोस ठोंब्यासारखी.’

मी बसले. माईंनी मोबाईल दोन्ही हातांनी धरला, चाळणी धरावी तसा. एक डोळा मिटला. जिभेचं टोक ओठांच्या कडेला आलं, रांगोळीची बारीक रेघ ओढताना येतं तसं. अंबाडा सुटून मानेवर आला होता, त्यांना पत्ता नव्हता.

‘दाबू कुठे?’

‘खाली गोल आहे, माई.’

‘दाबला.’

‘नाही दाबला गेला.’

‘अगं, कधीचा दाबतेय. तुझ्या मोबाईलला ऐकू कमी येतं.’

मला हसू आवरेना. पन्हं साडीवर सांडलं. त्याही हसायला लागल्या, तोंड उघडं, खालचा एकच दात दिसत होता, एक डोळा अजून मिटलेलाच, कारण फोटो काढताना तो मिटायचा असतो असं त्यांनी ठरवलं होतं. आणि तेवढ्यात दाराकडून खटकन आवाज आला.

श्रीरंगनं ताट तिपाईवर ठेवलं होतं आणि परातीतून आपला मोबाईल उचलला होता.

 कूलरचं पाणी तेवढं टपटपत होतं. माईंनी माझा मोबाईल मांडीवर ठेवला, अंबाडा बांधला, पदर सारखा केला. मग म्हणाल्या, ‘चोरून काढलास.’

‘हो माई.’

‘दाखव.’

तो ताटासकट जवळ येऊन खाली बसला. त्यांनी चष्मा लावला, मोबाईल लांब धरला, जवळ आणला, पुन्हा लांब धरला. श्रीरंगचा अंगठा पडद्याच्या कडेवरच होता. त्या म्हणाल्या असत्या तर त्यानं तिथल्या तिथे पुसून टाकला असता, मला ठाऊक आहे. एवढी वर्षं त्यानं कोपऱ्यांवर भागवलं होतं, पण त्यांच्या मनाविरुद्ध त्यांचा चेहरा कधी काढला नव्हता.

‘एक डोळा मिटलाय,’ माई म्हणाल्या.

‘हो.’

‘तोंड उघडं. दात एकच. केस बघ, भुतासारखे.’

 त्या आणखी थोडा वेळ बघत राहिल्या. मग मोबाईल त्याच्या हातात परत दिला आणि कलिंगडाचं ताट पुढे ओढलं.

‘याला कुणी हार घालणार नाही,’ म्हणाल्या. ‘राहू दे.’

श्रीरंग उठून आत गेला. सुनेला काहीतरी शोधायला मदत करतोय असं दाखवत होता, पण आत नुसते डबे उघडझाप होत होते. माईंनी मला डोळ्यानं खूण केली, जाऊ दे त्याला. आणि कलिंगडाची सगळ्यात लाल फोड माझ्या ताटलीत घातली.

परतीच्या बसमध्ये ऊन तिरपं झालं होतं. मी मोबाईल काढून माईंनी काढलेला माझा फोटो पाहिला. त्यांनी दाबलेलं शेवटी एकदा लागलं होतं. फोटो तिरका. माझं कपाळ कापलेलं. गौर अर्धी. पन्ह्याचा पेला कलंडलेला. मी हसतेय, इतकी की माझी मलाच ओळख पटेना, असं हसताना मी स्वतःला कधी पाहिलंच नव्हतं. आणि उजवीकडचा जवळजवळ चतकोर फोटो माईंच्या अंगठ्यानं व्यापलेला. गुलाबी, धूसर, कडेला रांगोळीची पांढरी पूड.

पुढच्या रविवारी शब्द होता ‘हँसी’. श्रीरंगनं त्याचा फोटो टाकला नाही. तो ग्रुपासाठी नव्हताच. मी माझा टाकला. उदयनगरचे भिया लगेच आले. ‘दीदी, हँसी बढ़िया. कोने में अंगूठा आ गया है, काट दो.’

मी लिहिलं, ‘वो कोना रहने दो, भिया.’

त्याखाली धारवाल्यानं एकच शब्द लिहिला. ‘सुंदर.’ सुधारायचं काही सांगितलं नाही. नियम मोडला म्हणून त्याला बोलणीही बसली.

आता दर चैत्रात माईंचा आवाज येतो, श्रीरंगच्या मोबाईलवरून. गौर बसली, डाळ केली, परात घासून ठेवली आहे, कधी येतेस. यंदाचा परवाच आला. कैऱ्या उतरल्या की जाईन म्हणते, चकत्या एकदा वाळून डब्यात पडू देत. श्रीरंग अजून फोटो टाकतो, अजून कोपऱ्यात काहीतरी असतं. पण आता त्याला कुणी काट दो म्हणत नाही. आणि माईंचा तो फोटो त्यांच्या घरात फ्रिजवर आहे, भिंतीवर नाही. भाजी, पाणी, दुधाचं पातेलं घेताना रोज सगळ्यांना दिसतो. माई त्याला म्हणतात, ती फ्रिजवरची भवानी.

माझाही मी मोठा करून घेतला. मुलगा म्हणाला, आई, निदान तो अंगठा काढून देतो, एका मिनिटाचं काम आहे. मी हात लावू दिला नाही. बैठकीत, कॅलेंडरच्या शेजारी लावलाय, आत्ताच, मी असताना. हे येता-जाता म्हणतात, कपाळ नाही, गौर अर्धी, लावलाय काय. पण धूळ पुसतात तेच.

पाहुणे येतात, चहा घेता घेता बघतात, आणि बोट त्या कोपऱ्याकडे नेऊन विचारतात, हे काय आलंय मध्ये?

मी सांगते, ती माझी धारची मैत्रीण.